उंबरठ्याबाहेरचा सोबती : खंड्याच्या पालखीपासून फरशीवरच्या पिल्लापर्यंत

#थ्रेड

साताऱ्याच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा जिथे एकमेकींस मिळतात त्या संगम माहुलीत, थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात एका कुत्र्याचीही समाधी आहे. कुत्र्याचे नाव खंड्या. छत्रपतींच्या शेजारी ज्याला चिरविश्रांती मिळाली, ज्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असा हा मराठी इतिहासातील बहुधा सर्वांत भाग्यवान कुत्रा. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. तो विषय निराळा आणि बराच तापट आहे.)

खंड्याच्या गोष्टीकडे मात्र येथे जरा वेगळ्या वाटेने जायचे आहे. आज सातारा-सांगलीतल्या एखाद्या सदनिकेत कुत्र्याचे पिल्लू आले की पहिले दोन-तीन आठवडे घरातील सगळी माणसे एकाच प्रश्नाने हैराण असतात : याला शू-शीची सवय लावायची कशी? वर्तमानपत्र अंथरून, फिनेल टाकून, रागावून आणि शेवटी हात टेकून झाले की कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." हे म्हणणे खरे आहे. असा प्रश्नच तेव्हा नव्हता. तो का नव्हता आणि पुढे कधी, कसा निर्माण झाला, याचा इतिहास म्हणजे एका अर्थी मराठी घराच्या उंबरठ्याचा इतिहास आहे.

कुत्र्याविषयी या प्रदेशातील जाणत्यांना आस्था नव्हती असे नाही. बाराव्या शतकात, इ. स. ११३०च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कऱ्हाडचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक, म्हणजे कृष्णाकाठाचा हा टापू त्या सत्तेच्या छायेतलाच. या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, 'सारमेयविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. कोणत्या देशचे कुत्रे चांगले, शिकारीला ते कसे उपयोगी पडतात, अशी चर्चा त्यात येते. राजाचा कुत्रा हा मैदानातला कुत्रा होता. त्याची परीक्षा व्हायची ती रानात, सावजामागे.

'सारमेय' या शब्दामागे महाभारतातील एक कथा आहे आणि ती या विषयाला फार जवळची आहे. सरमा ही देवांची कुत्री आणि सारमेय तिचे पिल्लू. जनमेजयाचे सत्र चालू असता हे पिल्लू यज्ञमंडपाजवळ आले आणि राजाच्या तिघा भावांनी त्याला झोडपून काढले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू काही आगळीक केलीस का? पिल्लाने सांगितले की आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही. मग सरमेने सत्रात येऊन जाब विचारला आणि निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल राजाला शाप दिला. आदिपर्वाच्या आरंभीच ही कथा येते. त्याच महाभारताच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी कुत्र्यासह उभा राहतो आणि इंद्र त्याला सांगतो की कुत्रा बाळगणाऱ्यांना येथे जागा नाही. एवढ्या अफाट ग्रंथाच्या दोन्ही टोकांना एकेक कुत्रा, आणि दोघेही दारात अडवलेले.

मराठी घरातही रेषा हीच होती. कृष्णाकाठच्या जुन्या वाड्याची रचना पाहा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, मग सोपा, माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर. आत जावे तसे सोवळे वाढत जाते. कुत्रा चौकापर्यंत आला तरी पुष्कळ. सोप्याच्या पायरीवर तो थबके, किंवा त्याला थबकवले जाई. साध्या शेतकऱ्याच्या घरात तो अंगणात, गोठ्यात, उकिरड्याच्या कडेला. संध्याकाळी चतकोर भाकरी त्याच्यापुढे पडे. ती दारातून टाकली जाई.

या व्यवस्थेत पिल्लाला जागा शिकवण्याची गरज काय? जागा ठरलेलीच होती. ती घराबाहेर होती. एखादे चुकार पिल्लू आत येऊन घाण करून गेलेच तर शेणाने सारवलेल्या भुईवर राख टाकायची, खरवडायचे आणि पुन्हा सारवायचे. गाईचे शेण घर पवित्र करणार आणि कुत्र्याची विष्ठा घर विटाळणार, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली गंमत जाणवतही नाही. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवले ते हेच : घाण हा वस्तूचा गुण नव्हे, वस्तू चुकीच्या जागी असली की आपण तिला घाण म्हणतो.

कुत्र्याशी बोलायचे मराठी शब्द आठवून पाहिले तरी हे लक्षात येते. बोलावताना 'यू यू', कोणाच्या अंगावर घालताना 'छू', हाकलताना 'हाड'. जवळ ये, धावून जा, दूर हो. यांत 'इथे बस', 'तिथे जा', 'थांब' यांसाठी खास कुत्र्याचा म्हणून एकही शब्द नाही. वर म्हण काय, तर कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शिकवण्याचा नाद सोडा, असाच तिचा सल्ला.

संतपरंपरेने मात्र ही रेषा अधूनमधून पुसली. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने दरवर्षी पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या तोंडी आजही आहे. सांगली जिल्ह्यातील औदुंबरला दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात. कऱ्हाड तालुक्यातील पालला खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. त्या खंडोबाचा कुत्रा तर त्याचा नित्याचा सोबती, आणि त्याचे वाघ्ये काही विधींत स्वतः कुत्र्यासारखे भुंकून कोटंब्यातून अन्न खातात. देवाच्या दारी आपण कुत्रे, ही भक्तीची परमावधी. पण म्हणून खरा कुत्रा माजघरात आला, असे मात्र झाले नाही. प्रतीकाला जी सवलत मिळते ती प्राण्याला मिळतेच असे नाही.

शेपटीची म्हण खोटी पाडणारी माणसे याच मुलखात होती, पण ती वाड्यात राहत नव्हती. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा म्हणजे धनगरांचा मुलूख. आरेवाडीचा बिरोबा याच पट्ट्यातला. पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कुटुंबे चाऱ्याच्या शोधात निघतात. त्यांच्या तळालाही 'वाडा' असेच म्हणतात. सरदाराच्या वाड्याला दिंडी दरवाजा, धनगराच्या वाड्याला भिंतही नाही. रात्री जाळीच्या आत मेंढरे, भोवती माणसे, आणि लांडग्याची चाहूल घेत कुत्री.

या वाड्यात पिल्लू वाढते ते मेंढरांच्या संगतीत. कोकरांच्या उबेला निजते, त्यांचा वास तोच आपल्या कळपाचा वास म्हणून ओळखू लागते. आधुनिक प्राणिवर्तनशास्त्र ज्याला सामाजिकीकरणाचा काळ म्हणते, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा, तोच हा काळ. धनगराला तो आठवड्यांनी मोजावा लागला नाही. पिल्लू लहानपणी ज्याच्याजवळ ठेवाल त्याचे होते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

आणि येथेच घाणीचा हिशेबही उलटतो. ज्या शेतात रात्री मेंढ्या बसवतात त्या शेताचा मालक धनगराला धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंड्या आणि मूत्र हे उत्तम खत. योग्य जागी पडले तर मोल, चुकीच्या जागी पडले तर विटाळ. सदनिकेत राहणारा आजचा माणूस पिल्लाला शिकवू पाहतो तेही यापेक्षा निराळे काही नाही.

आता पुन्हा खंड्याकडे. शाहू महाराजांचा जन्म १६८२चा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७पर्यंत औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत राहिले. १७०८ साली साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे राज्याचा विस्तार पेशवे आणि सरदार करत गेले. महाराज साताऱ्यात राहून त्यांचे तंटे मिटवत राहिले. शिकारीचा आणि जनावरांचा त्यांना मनापासून नाद होता. अशाच एका वाघाच्या शिकारीत एका कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. तोच खंड्या.

ग्रँट डफ १८१८ साली साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आला आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की मराठा सरदार भेटीस आले असता महाराजांनी या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जवाहीर घालून सजवले, आपले पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले आणि भर दरबारात भेट घेतली. त्यानंतर महाराजांनी स्वतः पुन्हा डोक्यास काही घातले नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची आणि पालखीची सनद निघाली आणि तो लवाजमा चालूही राहिला.

डफच्या मते हे चित्तभ्रमाचे लक्षण होते. मराठी परंपरा हाच प्रसंग दिमाख मिरवणाऱ्या सरदाराला दिलेली चपराक म्हणून सांगते. दोन्ही अर्थ शक्य असले तरी दुसरा अधिक पटतो, कारण आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे सत्तेच्या उठाठेवींत प्याद्यासारखी काढलेल्या माणसाला पागोट्याची खरी किंमत चांगलीच कळलेली असणार. पण अर्थ कोणताही घ्या, प्रसंगाला धार येते ती एकाच कारणाने : ज्या जिवाची जागा चौकाबाहेर, तो मसनदीपाशी आला होता. वाड्यात कुत्री सर्रास लोळत असती तर या गोष्टीची कोणी नोंदही केली नसती.

खंड्याला दरबारात वावरताना शिस्त लावावी लागली असेल का? पालखीचा मान असलेल्या जनावराच्या मागे भोई, खिजमतगार, झाडूवाले हे सारे आलेच. त्याने कुठे काय केले याची चिंता त्याने किंवा त्याच्या धन्याने करण्याचे कारण नव्हते. ज्याच्यामागून पुसत जायला माणसे असतात त्याला जागा शिकवली नाही तरी चालते. हे वाक्य केवळ कुत्र्यांपुरते खरे नाही, आणि पुढचा इतिहास तेच सांगतो.

१८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरास आरोग्यस्थळ उभारण्यास हात घातला. त्यासाठी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून जागा घेतली आणि मोबदल्यात खंडाळा हे गाव दिले. डोंगरावर बंगले उभे राहिले. त्या बंगल्यांत साहेब आले आणि साहेबांच्या पाठोपाठ त्यांची कुत्रीही. अंगणात राहणारी नव्हेत; व्हरांड्यात, दिवाणखान्यात, क्वचित पलंगावरही. या भूमीत कुत्रा प्रथमच मोठ्या प्रमाणावर घराच्या आत आला तो असा.

मग त्याची निगा कोण राखणार? हिंदुस्थानातील इंग्रजी घरांत कुत्र्यासाठी वेगळा चाकर असे. त्याला 'डोरिया' म्हणत, दोरी धरणारा म्हणून. लहान घरात हे काम मेहतराकडे जाई, कारण इतर नोकर ते करण्यास तयार नसत. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ साली इंग्रज गृहिणींसाठी हिंदुस्थानातील घरकामाचे जे जाडजूड मार्गदर्शक लिहिले, त्यात घोडे, गाई, कोंबड्या यांच्याबरोबर कुत्र्यांचाही विचार आहे. घर चालवणे म्हणजे नोकरांकडून काम करून घेणे, हे त्या ग्रंथाचे एकूण सूत्र.

बंगल्याच्या बांधणीत एक बारकावा होता. न्हाणीघराला बाहेरच्या बाजूने एक स्वतंत्र दार असे. मैला उचलायला येणाऱ्या माणसाने घरातून येऊ नये, मागच्या त्या दारानेच यावे आणि जावे, म्हणून ही सोय. त्याच बंगल्यात कुत्रा पुढच्या व्हरांड्यातून आत येई. कुत्र्यासाठी पुढचे दार आणि कुत्र्याची घाण काढणाऱ्यासाठी मागचे. इंग्रजांना कुत्र्याचा विटाळ नव्हता हे खरे, पण त्यांचा हा मोकळेपणा येथल्या जातिव्यवस्थेच्या खांद्यावर उभा होता.

याच जिल्ह्याच्या ठिकाणी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव पटावर चढले. हा दिवस महाराष्ट्रात आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की वर्गात त्यांना बसायला वेगळे गोणपाट असे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे लागे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तेव्हा पशूंना ज्या पाण्याची मनाई नाही ते माणसांना वर्ज्य कसे, हा प्रश्न पुढे आला. १९३१ साली मुंबईत गांधीजींच्या भेटीतही बाबासाहेबांनी कुत्र्या-मांजरांहून हीन वागणुकीचा उल्लेख केला. हा केवळ शब्दालंकार नव्हता. ज्या गावात एके काळी कुत्र्याला पालखीची सनद मिळाली होती, त्याच गावात शाळकरी मुलाचे गोणपाट कोणी उचलत नव्हते.

स्वच्छता ही दुसऱ्याने करायची गोष्ट आहे अशी समजूत असेपर्यंत पिल्लाला शिकवण्याचे शास्त्र जन्मालाच येऊ शकत नव्हते. ते आले ते जिथे घरची माणसे आपल्या हाताने फरशी पुसू लागली तिथे. युरोप-अमेरिकेत नोकरांची संख्या घटली, शहरी घरे लहान झाली, आणि कुत्रा मात्र घरातच राहिला. आपल्याकडे हीच स्थिती शंभरएक वर्षांनी आली.

आरंभीचे प्रशिक्षण कठोर होते. जर्मन पोलीस दलातील कोनराड मोस्ट याचे १९१० सालचे पुस्तक पुढे अनेक देशांत प्रमाण ठरले. त्यात हिसका, धाक आणि सक्ती यांवर बराच भर होता. घाण केली की पिल्लाचे नाक त्यात घासायचे, ही आजही ऐकू येणारी रीत त्याच वृत्तीची. तिच्यात अन्याय आहे तसा अडाणीपणाही आहे. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या कृत्याचा आणि आताच्या शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. मालक दिसला की भ्यावे आणि त्याच्या नजरेआड, पलंगाखाली किंवा पडद्यामागे, आपले काम उरकावे, एवढेच त्याला कळते. सरमेचे पिल्लू आईला जे सांगत होते तेच हे : मारले, पण कशासाठी ते समजले नाही.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. रशियात पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरील प्रयोगांतून खूण आणि शरीरक्रिया यांची जोडी कशी जुळते हे दाखवले. अमेरिकेत स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकात बक्षिसाच्या बळावर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच उभा केला. १९६५ साली स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवरील अनेक वर्षांच्या अभ्यासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या सर्व अभ्यासांतून जे हाती आले ते असे : पहिले काही आठवडे पिलांची घाण आई स्वतःच चाटून साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू लटपटत का होईना, निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन शू करू लागते. दोन महिन्यांचे होईतो त्याची जागेची आणि जमिनीच्या स्पर्शाची आवड ठरत आलेली असते. म्हणजे स्वच्छतेची ओढ त्याच्यात उपजतच असते. माणसाने फक्त 'निजण्याची जागा' या कल्पनेचा विस्तार सगळ्या घरापर्यंत करून द्यायचा असतो.

म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यायचे; तेथे काम झाले की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यायचा; चूक झाली तर न बोलता, वास उरणार नाही असे पुसून टाकायचे, कारण वास हीच त्याच्या लेखी पाटी असते. तेथेच एखादा ठरावीक शब्द रोज उच्चारला की तो शब्दही कामी येऊ लागतो. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तान्ह्या बाळाला दोन्ही पायांवर बसवून 'शूऽऽ' असा आवाज काढणाऱ्या कृष्णाकाठच्या आजीने पाव्हलॉव्ह वाचलेला नव्हता. हीच युक्ती कुत्र्याच्या पिल्लाला लावावी असे तिला कधी वाटले नाही, कारण ते पिल्लू तिच्या घरात नव्हते.

आता ते घरात आहे. शेणाची भुई गेली, शहाबादी फरशी आली, तिच्या जागी गुळगुळीत टाइल्स आल्या. टाइलवर मातीचा वास नाही, उकरायला काही नाही. पिल्लाच्या पायांना 'बाहेर' आणि 'आत' यांतला फरक सांगणारी खूणच उरली नाही. सांगली-जतच्या पलीकडे असलेल्या मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी नावारूपास आणलेला आणि भारतीय सैन्याने गेल्या दशकात मीरतच्या केंद्रात शिकवायला घेतलेला मुधोळ हाउंडदेखील, मोकळ्या माळावर ससा पाठलागून धरणारा तो उंच सडसडीत कुत्रा, आता मिरज-सांगलीच्या सदनिकांत पिल्लू म्हणून येतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गोंधळून उभा राहतो.

मग पहाटे साडेपाचला कोणीतरी त्याला उचलून जिना उतरते. उचलूनच, कारण चालवत नेले तर ते दुसऱ्या मजल्यावरच उरकून मोकळे होते. खाली आवारात कडुलिंबाच्या बुंध्याशी ते पिल्लू हुंगत हुंगत गोल फिरू लागते, आणि एका हातात दोरी व दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा धरलेला त्याचा धनी, जांभई देत, त्याचे काम होण्याची वाट पाहत उभा राहतो. ते झाल्यावर वाकून उचलायचेही त्यालाच असते.